अंगावरचे सपाट डाग: मलम लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न एका आश्रमशाळेच्या अधीक्षकांचा आहे. शाळेतल्या मुलांच्या गालांवर, पाठीवर, हातापायांवर सपाट डाग दिसतात. काही पांढरट, काही तांबूस, काही काळे. गावातल्या मोठ्या माणसांच्या अंगावरही तसेच असतात. यातला साधा डाग कोणता, कुष्ठरोगाचा कोणता, आणि कोणता दिसला की त्याच दिवशी गाडी करून दवाखाना गाठायचा?

सर, उत्तर लांब होणार आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. आपल्या भागात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आणि यवतमाळ-अमरावतीकडेही, फिकट किंवा तांबूस डागावर संवेदना तपासल्याशिवाय कोणतंही मलम लावू नका. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने डागाची लाली उतरल्यासारखी वाटते, घरचे निश्चिंत होतात, आणि तोवर आत नसेचं नुकसान चालूच राहतं. कुष्ठरोगात अपंगत्व डागामुळे येत नाही, नस गेल्यामुळे येतं. मेलेली नस कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून तपासणीची दोन मिनिटं मलमाच्या आधी.

डाग खरंच सपाट आहे का, ते डोळे मिटून ठरवा. बोटाचं टोक चांगल्या कातडीवरून डागावर न्या. कड बोटाला लागली नाही तर डाग सपाट. कड उंच किंवा दाणेदार लागली तर बहुतेक वेळा गजकर्ण किंवा सोरायसिस निघतो. पण कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही डागाची कड उठलेली असते, त्यामुळे 'कड उंच आहे, मग कुष्ठरोग नाही' असा निष्कर्ष काढू नका.

पाहायचं ते दिवसा, व्हरांड्यात किंवा खिडकीपाशी, अंगावर थेट ऊन न घेता. ट्यूबलाइटखाली फिकट डाग हमखास सुटतात. तोंड आणि हात पाहून तपासणी संपवू नका. कुष्ठरोगाचे डाग बरेचदा पाठीवर, कुल्ल्यांवर, मांड्यांवर असतात, म्हणजे जिथे माणसाची स्वतःची नजर पोचत नाही तिथे. मुलींची तपासणी नर्सबाईंनी किंवा आशाताईंनी आडोशाला करावी. सुरुवातीला ओल्या फडक्याने अंग पुसून घ्या. मानेवर, पोटावर तपकिरी डाग दिसला आणि साबणाने जात नसला तर स्पिरिटचा बोळा जोर देऊन फिरवून पाहा. निघून गेला तर तो घट्ट बसलेल्या मळाचा थर होता. मुलांमध्ये हे बरंच दिसतं आणि विनाकारण धावपळ होते.

त्यानंतर तीन तपासण्या. नखाने डाग हलका खरवडा आणि कोंडा सुटतो का पाहा. स्वच्छ काचेचा ग्लास डागावर दाबा आणि काचेतून पाहा की रंग जातो की तसाच राहतो. आणि स्पर्श कळतो का ते तपासा. रंगापेक्षा या तिन्हींतून जास्त कळतं. डागात कातडीचा रंग बहुधा चार प्रकारांनी बदलतो: रंगद्रव्य कमी झालं, रंगद्रव्य वाढलं, रक्तवाहिन्या फुगून कातडीत रक्त वाढलं, किंवा रक्त वाहिनीतून बाहेर झिरपलं. नुसत्या नजरेने हे चारही एकमेकांसारखे दिसू शकतात, सावळ्या अंगावर तर फारच.

हात लावण्याआधी काही प्रश्न विचारा. डाग जन्मापासून आहे का? खाजतो का? आधी याच जागी येऊन गेला होता का? आठवडाभरात कोणती गोळी घेतली? घरात कोणाला कुष्ठरोगाचं औषध चालू होतं का? शेवटचा प्रश्न एकट्याला घेऊन विचारावा. चारचौघांत खरं उत्तर मिळत नाही.

कुष्ठरोगाचा डाग

हा डाग दुधासारखा पांढरा कधीच नसतो. कातडीच्या मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा फिकट असतो किंवा तांबूस. खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस वर्षं-वर्षं तो अंगावर घेऊन फिरतो. डागावरचे केस विरळ होतात, कातडी कोरडी पडते, घाम येत नाही. निंदणाला गेलेल्या बाईचं सगळं अंग घामाने भिजलेलं असतं आणि तेवढा चट्टा कोरडा राहतो. ही गोष्ट रुग्णाला विचारली तर तो बरोबर सांगतो, पण आपणहून सांगत नाही.

संवेदना तपासायची रीत अशी. बॉलपेनचं टोक चालतं, किंवा कापूस पिळून केलेली वात. सुरुवातीला मुलाचे डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टोक टेकवा आणि 'जिथे लागलं तिथे बोट ठेव' असं समजावून सांगा. दोन-तीनदा नीट जमलं की डोळे मिटायला लावा. मग कधी चांगल्या कातडीवर, कधी डागाच्या मधोमध, कधी कडेला असं टोक टेकवत जा, मधलं अंतर कमी-जास्त ठेवून. टोक फक्त टेकवायचं, खोल रुतवायचं नाही, ओढायचंही नाही. चांगल्या जागी दर वेळी बरोबर बोट ठेवणारा मुलगा डागावर गप्प राहिला किंवा दूर कुठेतरी बोट ठेवू लागला, तर संवेदना कमी आहे. दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहा आणि तपासणी पुन्हा एकदा करा.

चुका कुठे होतात तेही सांगतो. 'लागते का रे?' असं विचारलं की मूल 'हो' म्हणतं. एका लयीत टोचत गेलं की ते अंदाजाने बोट ठेवतं. टाचेवर, तळव्यावर, गुडघ्यावर कातडी जाड असते, तिथे निरोगी माणसालाही हलका स्पर्श कळत नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. आणि सगळ्यात मोठा फसवा भाग म्हणजे चेहरा. चेहऱ्याला नसांचा पुरवठा भरपूर असल्यामुळे कुष्ठरोगाचा डाग असूनही तिथे स्पर्श कळू शकतो. गालावरच्या डागाला संवेदना आहे म्हणून कुष्ठरोग नाही, असं म्हणू नये. अशा मुलाचं बाकीचं अंग दुप्पट काळजीने पाहावं.

डागानंतर नसा. कोपर अर्धं वाकवून आतल्या हाडाच्या मागच्या खोबणीत बोट फिरवा. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाच्या गाठीमागे, घोट्याच्या आतल्या बाजूला, आणि मान वळवल्यावर कानाखाली आडव्या जाणाऱ्या नसेवरही पाहा. दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. एका बाजूची नस जाड, दोरीसारखी किंवा दाबल्यावर दुखरी लागली तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. करंगळी जवळ घेता येत नाही, चालताना पाय आपटतो, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, चुलीवर भाजलं ते फोड आल्यावर कळलं, अशा तक्रारी डाग नसतानाही कुष्ठरोगाच्या असू शकतात.

आणखी एक प्रकार आहे आणि गावाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. यात डाग खूप असतात, लहान, दोन्ही बाजूंना सारखे, कडा पुसट, आणि त्यांना स्पर्श चांगला कळतो. त्यामुळे पेनाच्या तपासणीत हा रुग्ण पास होतो. पुढे कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे बाहेरचे केस गळतात, तोंड तेल लावल्यासारखं चकाकतं. याच रुग्णाच्या अंगात जंतू सर्वांत जास्त असतात. निदानासाठी कानाच्या पाळीतून कातडीचा द्राव काढून काचपट्टीवर तपासतात. पुसट, सममित, बरेच फिकट डाग दिसले की कोंडा आहे का ते पाहा. कोंडा नसेल तर संवेदना आहे म्हणून सोडून देऊ नका.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ५ पर्यंत डाग असले तर ६ महिने, त्यापेक्षा जास्त असले किंवा द्रावात जंतू सापडले तर १२ महिने. दोन्ही गटांना आता तीन औषधं एकत्र देतात. मोठ्या माणसाला महिन्यातून एकदा समोर बसवून रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमिन ३०० मिलिग्रॅम, आणि रोज घरी डॅप्सोन १०० व क्लोफाझिमिन ५० मिलिग्रॅम. मुलांची पाकिटं वेगळी असतात. लोक औषध मधेच सोडतात, त्यामागे दोन कारणं पुन्हा-पुन्हा दिसतात. रिफाम्पिसिनच्या दिवशी लघवी केशरी-लाल होते आणि माणूस घाबरतो. क्लोफाझिमिनमुळे अंग, विशेषतः डाग, काळपट होतात. 'डाग घालवायला गेलो आणि आणखी काळा झालो' म्हणून गोळ्या बंद होतात. हा काळेपणा औषध संपल्यावर महिन्या-महिन्यांनी ओसरतो. पहिल्याच दिवशी या दोन्ही गोष्टी सांगून ठेवल्या तर निम्मं काम होतं. डॅप्सोनने रक्त कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे सिकलसेल बराच आहे, म्हणून सुरुवातीला आणि मधून-मधून हिमोग्लोबिन पाहावं. पहिल्या दीड महिन्यात ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे असं काही झालं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही जुने डाग एकाएकी लाल होऊन सुजले, नस दुखू लागली, हातापायाची ताकद गेली, तर त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. रोग बळावला किंवा औषध बाधलं असा त्याचा अर्थ नाही, आणि मूळ गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) वेळेत सुरू झालं नाही तर नस काही दिवसांत कायमची जाऊ शकते. इथे आठवड्याची वाट पाहू नये.

घरातल्या, शेजारच्या, वसतिगृहात एकाच खोलीत झोपणाऱ्या मुलांची तपासणी करून घ्या. ज्यांच्या अंगावर काही नाही अशा २ वर्षांवरच्या संपर्कातल्यांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा देण्याची सोय सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आहे. क्षयरोगाची लक्षणं असणारे आणि गरोदर बाया त्यातून वगळतात. लागण होऊन डाग दिसायला सरासरी ५ वर्षं लागतात, कधी २० सुद्धा, म्हणून एकदा तपासून भागत नाही. मुलाला शाळेतून घरी पाठवायचं कारण नाही. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत तो इतरांना लागण देण्याच्या स्थितीत राहत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी त्यानंतर, ज्यांना गावांनी बाहेर काढलं त्यांच्यासाठी वसाहती उभ्या केल्या. त्यांच्याकडे आलेल्यांपैकी कित्येकांची बोटं झडलेली होती. आज तोच रोग डागाच्या पायरीवर थांबवता येतो, एवढा फरक पडला आहे, आणि तो पडावा म्हणून डाग वेळेत दिसला पाहिजे.

पांढरे, पण कुष्ठरोग नसलेले

शाळेत सर्वांत जास्त दिसतात ते गालावरचे पुसट पांढरट चट्टे, नाणं मावेल एवढे, वर पिठासारखा बारीक कोंडा. घरी सांगतात जंत झाले, कॅल्शियम कमी पडलं. जंतांचा याच्याशी संबंध नाही. ही कोरड्या कातडीची तक्रार आहे, उन्हात बाकीचा चेहरा रापतो आणि चट्टा उठून दिसतो. तोंडाला कपड्याचा साबण बंद, आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, दिवसातून दोनदा. बरं व्हायला काही महिने लागतात. लाली-खाज असली तरच डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस देतात. जो चट्टा तेल लावूनही दोन-तीन महिन्यांत जराही हलत नाही, त्याची गाठ कुष्ठरोग तपासणाऱ्याशी घालून द्या. वर सांगितलंच, चेहऱ्यावर पेन फसवतं.

शिबं छाती, पाठ, खांदे, मान इथे येतं. लहान ठिपके, एकमेकांत मिसळून नकाशा झालेले, कधी फिकट, कधी तपकिरी. नखाने खरवडलं की भुसा पडतो, तीच त्याची ओळख. कातडीवर नेहमीच असणारी एक बुरशी घाम आणि दमटपणात वाढते, त्यामुळे पावसाळ्यात हे फार. केटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू ओल्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांवर लावून ५ ते १० मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, असं सलग ५ दिवस. फक्त दिसणाऱ्या ठिपक्यांवर लावलं तर महिन्याभरात परत येतं. आता नेमकी इथे गफलत होते. बुरशी मेली तरी पांढरेपणा दोन-तीन महिने राहतो, आणि लोक 'औषध लागू पडलं नाही' म्हणून आणखी तीव्र मलमं आणतात. पुन्हा खरवडून पाहा. भुसा नाही म्हणजे बुरशी नाही, आता फक्त रंग भरायचा आहे. केटोकोनॅझोलच्या गोळ्या यासाठी घेऊ नयेत, यकृताला इजा होते.

कोड मात्र दुधासारखा पांढरा, कड स्पष्ट, कोंडा नाही, संवेदना पूर्ण. ओठ, बोटांची टोकं, डोळ्यांभोवती, घोटे, गुडघे ही त्याच्या आवडीच्या जागा. डागावरचे केसही पांढरे होऊ शकतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी मारते, म्हणून हा होतो. संसर्गजन्य नाही. मासे-दूध, आंबट, खारट याने होत नाही. कोड असलेल्या मुलाला वेगळं ताट देणारी शाळा मी शाळा मानत नाही. उपचार आहेत: स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमसचं मलम, आणि पसरलेल्या कोडाला ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे बैठकीप्रमाणे डोस. चेहऱ्यावर रंग लवकर भरतो, बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर अवघड. बाबची किंवा इतर तेल चोळून भर उन्हात बसायला सांगणारे गावोगावी आहेत. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याने फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी वाढतो.

कपाळाच्या मधोमध टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग हा टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा असतो. पायावर रबरी चपलेच्या पट्ट्याच्या रेषेत पांढरं झालं तर कारण पट्ट्यातलं रसायन. टिकली बंद, चप्पल बदल. लवकर बदललं तर बऱ्याच जणांचा रंग परत येतो. नाहीतर हा पांढरेपणा दूरच्या जागीही पसरू शकतो.

म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर आणि हातांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके येतात, ते वयाचे आहेत, काही करायला नको. जन्मापासून असलेला एखादा फिकट डाग, जो मुलासोबत वाढतो पण आकार बदलत नाही, तोही निरुपद्रवी. मात्र बाळाच्या अंगावर असे तीन किंवा जास्त लांबट फिकट डाग आणि सोबत झटके येत असतील तर मेंदूची तपासणी हवी.

काळे आणि तपकिरी

गोल, जांभळट-काळा, एक किंवा मोजकेच डाग, ओठावर, हातावर, गुप्तांगावर, आणि दर वेळी त्याच जागी पुन्हा ताजे होणारे: हा औषधाचा डाग. गोळी घेतल्यावर काही तासांत ती जागा चुरचुरते, लाल होते, कधी फोड येतो, मग काळा डाग महिने राहतो. को-ट्रायमॉक्साझोल, दुखण्याच्या गोळ्या, जुलाबावरची मेट्रोनिडाझोल-ऑर्निडाझोलसारखी औषधं, सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातली, डॉक्सिसायक्लिन ही नेहमीची कारणं. किराणा दुकानातून नाव नसलेल्या चार गोळ्यांची पुडी घेतलेली असली की कोणती बाधली ते कळत नाही. पुढच्या वेळी वेष्टन घेऊन यायला सांगा, औषधाचं नाव दवाखान्याच्या कार्डावर लाल पेनाने लिहून ठेवा. गुप्तांगावर डाग आला की माणूस लाजेने महिनोन्‌महिने लपवतो आणि तीच गोळी घेत राहतो. दर खेपेला डाग वाढतात, हे त्याला सांगावं लागतं.

वांग गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखा येतो. ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या ही कारणं. वावरात काम करणाऱ्या बाईला सनस्क्रीन परवडणं कठीण. रुंद काठाची टोपी किंवा दुपट्टा पुढे ओढून घेणं, आणि जमेल तेव्हा ११ ते ४ सावलीतलं काम, याने बराच फरक पडतो. गोरेपणाची म्हणून मिळणारी तिहेरी मिश्रणाची मलमं मात्र लावू नयेत. त्यांत बहुधा स्टिरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लव वाढते, आणि मलम सोडलं की वांग आधीपेक्षा गडद. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी विकली जातात. गजकर्णावर हीच लावली की खाज थांबते आणि बुरशी आतून पसरते. कडा पुसट होतात, आणि मग अनुभवी माणसालाही ओळखता येत नाही.

बिब्बा उतला तर आधी फोड, पाणी, भयंकर खाज, आणि मागे काळा डाग. सांधेदुखीवर, पायाच्या भेगांवर लोक बिब्बा लावतात. बाळाला तर कधीच लावू नये. गाजरगवताची ऍलर्जी पापण्या, मान, गळा, कोपराच्या घड्या इथे उठते, दर वर्षी वाढत जाते आणि सगळा उघडा भाग काळा-जाड करते. थंडीत रोज शेकोटीसमोर नडग्या शेकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायांवर जाळीदार तपकिरी नक्षी उमटते; आच दूर केली की ती हळूहळू विरते. खरूज किंवा डासांचे फोड खाजवून राहिलेले काळे डाग सर्वांत जास्त असतात. त्यांवर मलम नको, मूळ खरूज घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावून घालवावी.

एक डाग मात्र माझ्या मते अजून फार सुटतो. हातांच्या पाठी, पायांच्या पाठी आणि गळ्याभोवती हारासारखा काळा, कोरडा, सालपटं निघणारा पट्टा, दोन्हीकडे सारखा, कपड्याच्या रेषेवर कापल्यासारखा थांबणारा. सोबत जीभ लाल, जुलाब, झोप नाही, चिडचिड किंवा भ्रम. हा पेलाग्रा, नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब घरांत पूर्वी दिसायचा; आता तो बहुतेक दारू पिऊन जेवण सोडलेल्या माणसात सापडतो, आणि क्षयरोगाची आयसोनियाझिड गोळी चालू असलेल्या कुपोषित रुग्णातही. लोक उन्हाने काळं पडलं समजून सोडून देतात. निकोटिनामाइड दिवसाला ३०० मिलिग्रॅम विभागून दिलं तर जुलाब आणि भ्रम काही दिवसांत उतरतात, कातडी काही आठवड्यांत. न दिलं तर माणूस दगावू शकतो. बोटांच्या पेरांवरचा काळेपणा आणि थकवा असेल तर बी-१२ तपासावं. मानेवर मखमलीसारखा काळा जाडसर पट्टा असेल तर साखर तपासावी.

नवजात बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर-करडा डाग असतो. तो माराचा नाही. काही वर्षांत आपोआप जातो, आईला कोणी बोल लावू नये. दुधाळ चहाच्या रंगाचे डाग एक-दोन असले तर काही नाही. ते ६ किंवा जास्त असतील, आणि लहान मुलात प्रत्येक ५ मिलिमीटरपेक्षा मोठा, तर मोठ्या दवाखान्यात दाखवावं. तळव्यावर किंवा नखाखाली नवा काळा डाग, वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा, वाढणारा असेल तर तो काढून तपासला पाहिजे. अनवाणी चालणाऱ्याला तो काट्याचा व्रण वाटतो.

लाल, आणि ज्यांना थांबून चालत नाही

काचेचा ग्लास इथे कामाला येतो. दाबल्यावर लाली गेली तर रक्त वाहिनीतच आहे: अंगावर उठलेलं पित्त, विषाणूचा ताप, ऊन. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांब्याच्या रंगाचे ठिपके असतील तर सिफिलिसची रक्ततपासणी सांगावी, संकोच न करता. दाबूनही ठिपका तसाच राहिला तर रक्त बाहेर झिरपलं आहे. सावळ्या अंगावर हे ठिपके नीट दिसत नाहीत. टाळू, पापणीची आतली बाजू, तळपाय पाहा.

ताप आणि दाबून न जाणारे ठिपके एकत्र दिसले तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. डेंग्यू, मेंदूज्वराचे जंतू, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, काहीही असू शकतं. तोवर फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नये, रक्तस्राव वाढतो. वावरात काही चावल्याचं आठवत असेल आणि हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील तर घोणस किंवा फुरशाचं विष समजून चाला. दवाखान्यात काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर प्रतिविष सुरू करतात.

ऑगस्ट ते नोव्हेंबर, गवत उंच असताना, आठवडाभर न उतरणारा ताप आणि पोट-पाठीवर पुसट लाल ठिपके असतील तर काख, जांघ, कमरेचा पट्टा, छातीखालची घडी इथे काळी खपली शोधा, बिडीचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी. तो स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किडीच्या चाव्याने होणारा ताप. नागपूर विभागात २०१८ च्या पावसाळ्यात याची साथ आली होती. खपली सापडली तर तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबत नाहीत. मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात, गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन. कपडे पूर्ण काढून न पाहिल्यामुळेच ही खपली सुटते.

नव्या औषधानंतर अंगभर लाल डाग, त्यातच तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी दुखरी, ही सुद्धा त्याच दिवसाची गोष्ट. औषध तिथेच बंद.

बाकीच्या मुलांची शाळेत एक वही करा. डागाचा फोटो दिवसा काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, एक जवळून आणि एक लांबून, जागा कळेल असा. वहीत तारीख, जागा, कोंडा आहे-नाही, दाबल्यावर रंग गेला-राहिला, स्पर्श कळला-नाही, एवढं लिहा. चेहऱ्याच्या फोटोला घरच्यांची परवानगी घ्या. स्पर्श कमी लागलेली, नस जाड लागलेली आणि शंका असलेली मुलं त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. केंद्रातून पुढे पाठवलं तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात न्या. उरलेल्यांचे फोटो तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा आणि पेनाची तपासणी पुन्हा करा. शिबं आणि गालावरचे चट्टे तोवर बदललेले असतील. जो डाग होता तसाच आहे किंवा वाढला आहे, त्यालाही केंद्रात न्या.